लेकरांना स्लॅलम वॉटर स्कीइंग शिकवायचंय? मग आधी कडुलिंबाच्या झाडाला दोर बांधा

मराठवाड्यात राहून वॉटर स्कीइंग शिकवतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, पाणी कुठाय? प्रश्न बरोबर आहे. वर्षातले मोजके महिने तलावात पाणी असतं, त्यातही बोट, परवानगी आणि सुट्टी असं सगळं जुळून येणारे दिवस दहा-बारा. मी नोकरीसाठी काही वर्षं बाहेरदेशी होतो तिथं हा खेळ शिकलो, आता माझी पोरगी नऊ वर्षांची आणि पुतण्या अकराचा, त्या दोघांना शिकवतोय. आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय, की स्लॅलमचं निम्म्याहून जास्त काम कोरड्या जमिनीवर होतं आणि ते जमिनीवर झालं तरच पाण्यातले दहा दिवस कामाला येतात. म्हणून हा लेख मोठा आहे आणि त्यात पाण्याच्या आधीचंच जास्त आहे.

आधी स्लॅलम म्हणजे काय ते, कारण लेकरांना खेळाचा नकाशा डोक्यात असला पाहिजे. बोट सरळ रेषेत जाते, मागं दोराला धरलेला माणूस एकाच स्कीवर, म्हणजे पायात घालायच्या लांब फळीवर, उभा राहून आळीपाळीनं उजवीकडं-डावीकडं जात सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांना, बाहेरून वळसा घालतो. सुरुवातीला दोन बोयांची एक फाटक, शेवटी तशीच एक. पहिल्या फाटकापासून शेवटच्या फाटकापर्यंत २५९ मीटर. फाटकापासून पहिला बोया २७ मीटर पुढं, मग प्रत्येक बोया ४१ मीटरवर, आणि बोटीच्या मधल्या रेषेपासून बोया ११.५ मीटर बाजूला, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत २३ मीटर. पोरांना मीटर सांगून काही कळत नाही, त्यांना क्रिकेटचं पिच कळतं. पिच २० मीटरच्या थोडं वर असतं, तर दोन बोयांमधलं अंतर लांबीला दोन पिच आणि रुंदीला एका पिचपेक्षा थोडं जास्त. एवढं सांगितलं की माझा पुतण्या लगेच म्हणाला, "काका, एवढं आडवं जायचं आणि परत यायचं, लई पळावं लागंल की." बरोबर, तेच तर शिकायचंय.

जागेचं बोलू. नाथसागर लेकरांना दाखवायला न्या, स्कीइंगला नाही. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, शिवाय संभाजीनगर-जालन्याचं प्यायचं पाणी तिथूनच येतं, तिथं स्कीसाठी बोट पळवायचा विचारसुद्धा करू नका. दुसऱ्या कुठल्या तलावावर करायचं तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी, रीतसर नोंदणी असलेली बोट आणि बोट चालवण्याचं लायसन असलेला माणूस या तीन गोष्टी नसतील तर घरीच थांबा. नाहीतर सुट्टीत जिथं रीतसर वॉटर स्पोर्ट्स चालतं तिथं जा, ते जास्त सोपं. आपल्याकडच्या तलावांची एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते, ती म्हणजे पाणी उतरलं की तळातली जुनी झाडं, बाभळीची खोडं, बांध, बुडालेल्या विहिरींचे कठडे वर सरकतात आणि पाण्याखाली वितभर लपून बसतात. मासेमारीची जाळी वेगळीच, जलपर्णी वेगळी. म्हणून पाऊस संपल्यावर, तलाव भरलेला असताना, दिवाळीपासून पुढं माघापर्यंतचा काळ धरा. आदल्या दिवशी तिथल्या मच्छीमार दादाला सोबत घेऊन बोट हळू चालवत सगळी पट्टी बघा, त्याला तळ तोंडपाठ असतो. वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत, कारण स्लॅलमला पाणी तव्यासारखं सपाट लागतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा फक्त जमिनीवरचा सराव, तोही सकाळी आठच्या आत.

आता लेकरू. त्याला पोहता आलंच पाहिजे आणि नुसतं स्विमिंग पूलमधलं नाही. आपल्याकडं पोरं अजूनही विहिरीत भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन पाठीला बांधून शिकतात, ते चांगलंच आहे कारण खोल पाण्याची भीती तिथंच जाते. माझी अट अशी की कपड्यासकट खोल पाण्यात पडल्यावर लेकरानं घाबरं न होता पाठीवर तरंगून दोन-तीन मिनिटं निवांत बोलत राहिलं पाहिजे. हे जमत नसेल तर स्की विकत घेऊ नका. लाइफ जॅकेट लेकराच्या वजनाचंच, मोठं घेऊन पुढच्या वर्षी होईल असं चालत नाही, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. तपासायची रीत सोपी आहे, जॅकेट घातलेल्या लेकराला खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरून वर उचला, हनुवटी जॅकेटात घुसली तर ते मोठं आहे. खाली निओप्रीनची, म्हणजे जाड रबरी कापडाची, चड्डी हवी, कारण वेगात बसकण मारून पडलं की पाणी जोरात आत घुसतं आणि इजा होते, पोरींच्या बाबतीत तर हे विसरूच नका. हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतोय.

आणि सगळ्यात पहिला धडा उभं राहण्याचा नाही, सोडून देण्याचा. पडलं की हँडल सोडायचं. माझ्या पुतण्याला पहिल्या वर्षी मी हे नुसतं तोंडी सांगितलं होतं, सराव घेतला नव्हता, आणि तो पडल्यावर घट्ट धरूनच राहिला, आठ-दहा मीटर पाण्याखालून ओढला गेला. नाकातोंडात पाणी गेलं, पोरगं थरथरायलं होतं, त्या दिवशी परत पाण्यात उतरलं नाही आणि मला रात्रभर झोप आली नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून जमिनीवर रोज पन्नास वेळा, मी "सोड" म्हणायच्या आत हात उघडले पाहिजेत. गवतावर उभं करून दोर ओढायचा, लेकराचा तोल गेला की त्याच क्षणी हात मोकळे. ही सवय हातात बसली पाहिजे, डोक्यात बसून उपयोग नाही. दोर हाताला, मनगटाला गुंडाळायचा नाही, हँडलमध्ये पाय किंवा कोपर घालायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

आता लिंबाचं झाड. आमच्या शेतातल्या आखाड्यावर एक जुना लिंब आहे, त्याच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर दोर बांधलाय आणि दुसऱ्या टोकाला फावड्याचा दांडा कापून हँडल केलंय. लेकरानं हँडल धरून मागं रेलायचं. रेलणं म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं नाही, ढुंगण मागं टाकून नाही. घोट्यापासून डोक्यापर्यंत एक सरळ रेष, गुडघे किंचित मोकळे, हात सरळ, हँडल कमरेजवळ खाली, आणि कंबर हँडलकडं आणायची. मी वेळूची काठी घेऊन अंगाला लावून बघतो, टाच, कंबर, खांदा काठीला लागले पाहिजेत. लेकरं दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे हात दुमडून दोर छातीकडं ओढतात, कारण त्यांना वाटतं ओढायचं तर हातानंच. पाण्यात हात दुमडले की क्षणभर दोर ढिला पडतो आणि पुढच्या क्षणाला झटका बसतो, त्या झटक्यानं लेकरू पुढं तोंडावर जातं. मी पोरीला सांगितलंय की तुझे हात म्हणजे दोराचाच पुढचा भाग आहे, दोर कधी दुमडतो का? दुसरी चूक खाली बघणं. डोकं जिकडं, अंग तिकडं. नजर समोरच्या काठावरच्या एखाद्या झाडावर ठेवायची.

पुढचा पाय कोणता ते इथंच ठरवा. लेकराला काही न सांगता मागून हळूच ढकला, जो पाय आधी पुढं पडेल तो पुढं. किंवा पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरायला सांगा, तेव्हा जो पुढं राहतो तो. दोन-तीनदा बघून एकच ठरवा आणि मग बदलू नका. मग झाडाखाली तोच पाय पुढं, दुसरा त्याच्या मागं एका रेषेत, दोन्ही गुडघे वाकलेले, वजन दोन्ही पायांवर. नवीन लेकरं सगळा भार मागच्या पायावर टाकतात, स्की मग ब्रेक लावल्यासारखी पाणी नांगरत जाते आणि मागचं पाऊल दुखायला लागतं. याच अवस्थेत डाव्या बाजूला रेल, उजव्या बाजूला रेल, असं दहा-दहा वेळा.

जोर कधी लावायचा हे शिकवायला आपल्याकडं पंचमीच्या झोक्यासारखं दुसरं काही नाही. मोठ्या झाडाला लांब दोराचा झोका असतो ना, त्याला जोर कुठं देतो आपण? खाली मधोमध आला की. टोकाला गेल्यावर जोर दिला तर झोका तिरपा होतो, अंग भरकटतं. स्लॅलममध्ये दोर म्हणजे झोका आणि बोट म्हणजे फांदी, फरक इतकाच की फांदी पुढं पळतेय. बोटीच्या मागं दोन लाटा निघतात, त्या दोन लाटांच्या मधला पट्टा म्हणजे झोक्याचा तळ. सगळा रेटा तिथंच. दुसरी लाट ओलांडली की जोर संपवायचा, स्कीची कड बदलायची, म्हणजे स्की दुसऱ्या कडेवर झुकवायची, आणि कमावलेल्या वेगावर बाहेर सरकत जायचं. नव्वद टक्के लोक, मोठेसुद्धा, बोयापर्यंत ओढतच राहतात, मग बोयाजवळ इतका वेग असतो की वळताच येत नाही, दोर ढिला पडतो आणि ते पडतात. म्हणून माझ्या पोरांना मी झोक्यावर बसवून ओरडायला लावतो, मधे "जोर", टोकाला "सोड", म्हणजे जोर सोड, हँडल नाही. महिनाभर झोका खेळलेल्या पोरीला पाण्यात ही गोष्ट मला परत सांगावी लागली नाही.

मग सायकल. मोकळ्या रानात, पेरणीच्या आधी किंवा सोयाबीन निघाल्यावर, विटा मांडून निम्म्या मापाचा कोर्स, म्हणजे बोयांसारखी मांडणी, करा. सायकलवर सहा विटांना वळसा घालायचा. लेकरू पहिल्यांदा सरळ विटेकडं हँडल करतं आणि विटेला पोहोचल्यावर वळायला जातं, मग वळण विटेच्या पुढं पार लांब होतं आणि पुढची वीट हुकते. त्याला दाखवा की आधीच रुंद जायचं, वळण विटेच्या अलीकडं सुरू करायचं, म्हणजे विटेपाशी तोंड पुढच्या विटेकडं झालेलं असतं. "लवकर आणि रुंद", हे दोन शब्द मी इतक्यांदा म्हणतो की घरात चेष्टेचा विषय झालाय, पण स्लॅलमची लाइन यातच आहे. सोबत आकडे मोजायला शिकवा. ताशी ३० किलोमीटर वेगानं बोट ४१ मीटर साधारण पाच सेकंदांत जाते, म्हणजे एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत लेकराकडं पाच आकडे आहेत. एक-दोन रेटा, तीनला सोड, चार बाहेर सरक, पाचला वळ. मोठे पुरुष खेळाडू ५८ किलोमीटरनं जातात, त्यांना पूर्ण २५९ मीटरला सोळा सेकंदच मिळतात, हे ऐकलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

पाण्यात उतरताना एक स्की नाही, दोन. रुंद, लेकरांच्या मापाच्या, आणि छोट्यांसाठी दोन्ही स्कीची टोकं आखूड दोरीनं एकमेकांना बांधलेली, नाहीतर पाय फाकतात. बोटीत दोन मोठी माणसं हवीत, एक चालवणारा आणि एक फक्त मागं बघणारा, चालवणाऱ्यानं मागं बघायचं नाही. बोटीच्या बाजूला आडवा दांडा म्हणजे बूम असेल तर लेकराला आधी त्याला धरून शिकवा, तुमचं बोलणं त्याला ऐकू येतं, निम्मी भीती तिथंच जाते. बूम नसेल तर तुम्ही स्वतः जॅकेट घालून पाण्यात लेकराच्या मागं राहा, स्की सरळ धरा, दोर ताणला आणि लेकरू निघालं की सोडा.

उठायची रीत अशी. गुडघे छातीला, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, स्कीची टोकं पाण्याच्या वर, दोर दोन स्कींच्या मधून. बोट अगदी सावकाश पुढं घेऊन दोर ताणायचा, लेकरू "चल" म्हणेल तेव्हाच वेग. लेकरू हलकं असतं, त्याला मोठ्यांसारखा झटका द्यायचा नाही, एकसारखा वाढवत न्यायचं. लेकराचं काम एकच, चेंडूसारखं गोळा होऊन राहायचं, उठायची घाई करायची नाही. बोट उठवते, आपण उठायचं नसतं. स्की पाण्यावर चढल्या की हळूहळू गुडघे सोडायचे. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अमेरिकन पोरानं १९२२ साली पाइनच्या फळ्या वाकवून हा खेळ सुरू केला, तेव्हा त्याचेही बरेच प्रयत्न फसले होते आणि मागं रेलून टोकं वर ठेवल्यावर जमलं. २ जुलैला तो पहिल्यांदा उभा राहिला, दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांचा होणार होता. पडून कंटाळलेल्या लेकराला मी ही गोष्ट सांगतो.

वेगाचं म्हणाल तर वीस-पंचवीस किलोच्या लेकराला दोन स्कीवर ताशी २० ते २४ किलोमीटर पुरे होतात. खुणा आधीच ठरवून घ्या, अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे काठाला चल, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांब. पडल्यावर हात वर केला म्हणजे मी बरा आहे, आणि हात वर आला नाही तर बोट लगेच फिरवायची. पडलेल्या लेकरानं एक स्की पाण्यात उभी धरायची म्हणजे लांबून दिसतं. जवळ आल्यावर, लेकरू बोटीत चढायच्या आधी, इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रलवर भागत नाही, पंखा थांबलेला पाहिजे.

दोन स्कीवर सरळ जाणं जमलं की लाटा ओलांडणं. पहिल्यांदा लेकरू लाटेला घाबरून मधेच रेंगाळतं आणि लाटेवर हळू चढलं की एक स्की वर एक खाली होऊन पडतं. उलट ठरवून, गुडघे मऊ ठेवून, तिरपं पटकन ओलांडायचं. बाहेर जा, थांब, परत ये, दुसऱ्या बाजूला जा. हे दोन्ही बाजूंना न घाबरता दहा-दहा वेळा होईपर्यंत एका स्कीचं नाव काढू नका. मी पुतण्याच्या बाबतीत पूर्ण एक हिवाळा इथंच काढला, लोक म्हणायले होते कामून एवढा वेळ लावता, पण नंतर तो दोन दिवसांत एका स्कीवर आला.

एका स्कीसाठी आधी दोन स्कीवरच सरळ जाताना मागच्या पायाची स्की दोन इंच वर उचलून धरायची, एक ते पाच मोजायचं, ठेवायची. हे स्थिर झालं की त्या पायाचा बूट ढिला करून स्की सोडून द्यायची. टाच आधी उचलायची, मग पाय मागं सरकवून पाण्यात थोडा वेळ ओढत न्यायचा आणि नंतर सावकाश दुसऱ्या पायामागं स्कीवर ठेवायचा. पाय शोधायला खाली बघितलं की पडलंच. सोडलेली स्की कुठं पडली ते मागं बघणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. एका स्कीला वेग जास्त लागतो, लेकराच्या वजनाप्रमाणं २८ ते ३२. खोल पाण्यातून थेट एका स्कीवर उठणं हे वेगळं कौशल्य आहे, ते पुढच्या मोसमावर ढकललं तरी काही बिघडत नाही.

आता बोये. पूर्ण मापाचा कोर्स लेकरासमोर पहिल्याच दिवशी मांडू नका. बोये मधल्या रेषेपासून पाच-सहा मीटरवर आणा, आणि पहिले काही फेरे दोन स्कीवरच होऊ द्या, त्यात कमीपणा काही नाही. बोया मऊ, हवा भरलेलाच हवा, रॉकेलचे डबे-कॅन बांधू नका, त्यावर आदळलं तर दात जातात. फाटक सध्या सोडून द्या. पहिला बोया उजवीकडं असतो हे मात्र सवयीचं करा, म्हणजे बोटीच्या डावीकडं बाहेर जाऊन तिथून आत रेटत यायचं. दोन्ही हात हँडलवरच राहू द्या. बोयाजवळ बाहेरचा हात सोडून आतल्या हातानं हँडल बोटीकडं लांबवणं, जे मोठे खेळाडू करतात, ते दिसायला छान असतं म्हणून पोरं आधी तेच करायला जातात, पण परत दोन्ही हात हँडलवर यायच्या आत रेटा सुरू झाला की खांद्याला झटका बसतो. दोन्ही हातांनी सहा बोये सलग झाल्याशिवाय नाही.

कोर्सच नसेल, आणि आपल्याकडं बहुतेक नसतोच, तर पाचचे आकडे आहेत ना. मोकळ्या पाण्यात मोजत आडवं जायचं, पाचला वळायचं. मागं बघणाऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा आणि काठावर आल्यावर लेकराला एकच गोष्ट दाखवावी. पाच चुका दिसल्या तरी एकच सांगा. बापाला हे फार अवघड जातं, मलाही गेलं.

एक फेरी दहा मिनिटांची, मग पाणी, गूळ-शेंगदाणे, सावली. लेकराच्या हाताची पकड आधी थकते आणि ते सांगत नाही, म्हणून बोटं उघडमीट करायला लावून बघा, सावकाश उघडत असतील तर त्या दिवसाचं झालं.

अरुंद कोर्समध्ये सहा बोये तीनदा सलग झाले की बोये एक-एक मीटर बाहेर सरकवा. पूर्ण ११.५ मीटरवर आल्यावर वेग वाढवायचा तो ३ किलोमीटरच्या टप्प्यानं, स्पर्धेतही तसंच असतं. दोर १८.२५ मीटरचाच ठेवा. स्पर्धेत कमाल वेग गाठल्यावर तो १६, १४.२५, १३ असा कापत नेतात, आणि ११.२५ ला दोर बोयापर्यंत पोहोचतसुद्धा नाही, उरलेलं अंतर खेळाडू स्वतःच्या अंगाच्या लांबीनं भरून काढतो. हे माझ्या पोरीला सांगितल्यापासून ती रोज संध्याकाळी लिंबाखाली जाऊन आडवी होते आणि मला काठी लावून बघायला बोलावते.